लेकाची इम्युनिटी वाढवायची की दाबायची?

डॉक्टर मॅडम, नमस्कार.

आम्ही सांगली जिल्ह्यात राहतो, घरची ऊसशेती आहे. माझा धाकटा मुलगा आठ वर्षांचा आहे. गेल्या पावसाळ्यात त्याला दोन दिवस ताप आला, उलट्या झाल्या आणि मग तो एकदम पांढराफटक पडला. डोळे पिवळसर, लघवी कोऱ्या चहासारखी. सगळे म्हणाले कावीळ आहे, म्हणून चार दिवस काविळीचं गावठी औषध दिलं. मग तोंडावर, पायावर सूज आली, लघवी जवळजवळ बंद झाली. तालुक्याला नेलं, तिथून पुण्याला पाठवलं. एटिपिकल एचयूएस असं आजाराचं नाव सांगितलं, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि किडनी बंद पडते तो आजार. अँटी-फॅक्टर एच अँटिबॉडी ९,४०० आली. तीन वेळा डायलिसिस झालं. आजाराच्या नवव्या दिवसापासून प्लाझ्मा बदलायला सुरुवात केली, तो बारा-तेरा वेळा बदलला. नंतर दर महिन्याला सलाइनमधून एक औषध, अशी पाच झाली. आता सात महिने झालेत. क्रिएटिनिन ०.६, अँटिबॉडी ६२०. प्रेडनिसोलोन एक दिवसाआड आणि मायकोफेनोलेट रोज चालू आहे.

मुलगा आता खेळतो, जेवतो. पण चेहरा फुगलाय, वर्गातली मुलं ‘बटाटा’ म्हणतात. घरातले म्हणतात, डॉक्टर इम्युनिटी कमी करणारी औषधं देतायत, सगळं जग तर इम्युनिटी वाढवतंय. सासूबाईंनी गुळवेलीचा काढा सुरू करायचा धोशा लावलाय. रिपोर्टवर जनुकाचा काही तुकडा दोन्हीकडून नाही असं लिहिलंय, त्यावरून ‘तुमच्या माहेरचं आलं’ असं ऐकावं लागतं. मोठी मुलगी अकरा वर्षांची आहे, तिचीही तपासणी करायची का? माझे दीर अमेरिकेत असतात. ते म्हणतात, तिकडे प्लाझ्मा बदलत बसत नाहीत, एक इंजेक्शन देतात. आपण पैशापायी पोरावर अन्याय केला का, हा विचार रात्री झोपू देत नाही. आणि ते चार दिवस गावठी औषधात घालवले, ते तर मनातून जातच नाहीत.

— एक आई

ताई,

आधी काढ्याचं सांगते, कारण ते आजच ठरवायला हवं. काढा देऊ नका. आणि गोळ्या बंद करू नका, तुमच्या डॉक्टरांनी सांगेपर्यंत एक दिवससुद्धा नाही. आता हे का, ते नीट सांगते. नुसतं ‘डॉक्टरांनी सांगितलंय’ म्हणून सासूबाईंचं समाधान होणार नाही, आणि खरं तर तुमचंही होऊ नये.

तुमच्या शिवारात तोडणीनंतर पाचट पेटवताना तुम्ही पाहिलं असेल. पाचट जाळण्यापेक्षा कुजवणं केव्हाही चांगलं, पण आत्ता मला ते पेटवणंच हवंय. पेटवायच्या आधी बांधाकडेनं पट्टा साफ करतात आणि दोन-तीन माणसं ओली पोती घेऊन उभी राहतात. शेजारचा ऊस अजून उभा असतो. वाऱ्यानं ठिणगी तिकडं गेली की ओलं पोतं हाणायचं, विझवायचं. काडी ओढायला एक पोर पुरतं. शेजारचा ऊस वाचतो तो पोतेवाल्यांमुळे.

आपल्या रक्तात अशीच एक आग बारा महिने मंद धुमसत असते. तिचं नाव कॉम्प्लिमेंट, मराठीत पूरक प्रथिनं. तीसहून जास्त प्रथिनांचं हे कुटुंब आहे, आणि त्यांतली बहुतेक यकृतात तयार होतात. ताज्या रक्तद्रवात जंतू मारणारं असं काहीतरी आहे जे थोडं तापवलं की निकामी होतं, हे ज्यूल बोर्दे या बेल्जियन शास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दाखवलं. त्याला पुढे १९१९ चं नोबेल मिळालं. या कुटुंबातलं सगळ्यात महत्त्वाचं प्रथिन म्हणजे सी३. तुमच्या मुलाच्या फायलीत त्याचाही रिपोर्ट असेल, बघा.

सी३ जंतू येण्याची वाट बघत नाही. ते आपसूक थोडं थोडं पेटत राहतं, आणि पेटलेला तुकडा जवळ जे सापडेल त्याला जाऊन चिकटतो. समोर जंतू आहे की आपलीच पेशी, हे त्याला कळत नाही. चिकटलेला एक तुकडा आजूबाजूचं आणखी सी३ पेटवतो, ते आणखी पेटवतं. पुढच्या पायरीला त्या पेशीच्या आवरणाला आरपार भोक पाडणारी नळी तयार होते. जंतूचं असं झालं तर उत्तमच. पण त्या आगीला आपलं-परकं कळत नसेल, तर आपण रोज सकाळी धडधाकट उठतो कसे?

ओल्या पोत्यांमुळे. शरीरात या आगीच्या राखणीला प्रथिनांचा एक वेगळा ताफाच नेमलेला आहे. काही राखणदार पेशींच्या अंगावरच बसलेले असतात: सीडी४६, सीडी५५, सीडी५९ अशी त्यांची नावं. काही रक्तात फिरत राहतात. फिरणाऱ्यांतला म्होरक्या म्हणजे फॅक्टर एच. वीस मण्यांची माळ डोळ्यांसमोर आणा, तो साधारण तसा दिसतो. पहिले चार मणी विझवण्याचं काम करतात: पेटलेल्या सी३ ची जोडणी मोडतात आणि फॅक्टर आय नावाच्या दुसऱ्या प्रथिनाला ते कापून टाकायला मदत करतात. शेवटचे दोन मणी ओळख पटवतात. आपल्या पेशींच्या अंगावर सायलिक आम्लासारख्या विशिष्ट साखरा असतात. त्या दिसल्या की हे दोन मणी तिथं टेकतात, आणि मग पहिले चार विझवायला लागतात. आपला ऊस कुठला आणि पाचट कुठलं, हे ठरतं त्या शेवटच्या दोन मण्यांवर.

तुमच्या मुलाच्या शरीरानं जी अँटिबॉडी बनवली, ती बहुतेक वेळा नेमकी याच टोकाला जाऊन बसते. त्याच्या रक्तात फॅक्टर एच आहे, पण त्याचे हात कुणीतरी मागून धरून ठेवलेत.

मग आग लागली ती किडनीलाच का? किडनीच्या गाळणीच्या केशवाहिन्यांना बारीक झरोके असतात आणि त्यांच्यामागे एक पातळ पडदा असतो. त्या पडद्यावर पेशी नाहीत, म्हणजे अंगावरचे राखणदारही नाहीत. तो भाग जवळजवळ पूर्णपणे रक्तातल्या फॅक्टर एचच्या भरवशावर असतो. फॅक्टर एचचे हात बांधले की पहिली झळ तिथं लागते. वाहिनीचं अस्तर सोलवटतं, तिथं प्लेटलेटच्या बारीक गाठी साचतात, आणि त्या अरुंद फटीतून जाताना तांबड्या पेशी चिरल्या जातात. म्हणून तिन्ही गोष्टी एकदम झाल्या: प्लेटलेट उतरल्या, पोरगा पांढरा पडला, लघवी थांबली. कोऱ्या चहाचा तो रंग फुटलेल्या तांबड्या पेशींचा होता, आणि डोळ्यांतलं पिवळेपणही त्याच पेशींचं. यकृताला काही झालेलं नव्हतं.

आता त्या चार दिवसांचं बोलू. पिवळे डोळे आणि गडद लघवी बघून ज्या घरात ‘कावीळ’ म्हणणार नाहीत, असं घर मी महाराष्ट्रात अजून पाहिलेलं नाही. डॉक्टरसुद्धा इथं चुकतात. मी चुकलेय. नव्वदच्या दशकात, मी शिकत असताना, आमच्या वॉर्डात साधारण याच वयाचा एक मुलगा आला होता. त्याच्या रक्ताची काच मीच सूक्ष्मदर्शकाखाली बघितली होती, आणि ते चित्र मला आजही जसंच्या तसं आठवतं: गोल, भरलेल्या तांबड्या पेशींच्या जागी फुटक्या काकणांचे तुकडे. त्रिकोणी, टोकदार, काही अर्ध्या चंद्रासारखे. जुलाब नसलेला एचयूएस, म्हणजे जुलाबांनंतर होणारा नेहमीचा नव्हे, एवढंच आम्ही फायलीत लिहू शकलो. त्याच्या किडन्या परत आल्या नाहीत. ही अँटिबॉडी पहिल्यांदा फ्रान्समधल्या डॉक्टरांनी दाखवली ती २००५ मध्ये. म्हणजे त्या मुलाला नेमकं काय झालंय, हे तेव्हा जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याची आई कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून बसलेली असायची आणि रोज मला विचारायची, ‘काय चुकलं आमचं?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुम्हाला देण्यासारखं उत्तर आज माझ्याकडे आहे: तुमचं काहीही चुकलेलं नाही. आणि उपचारांना झालेल्या उशिराबद्दल म्हणाल, तर आपल्याकडच्या मुलांच्या मोठ्या नोंदींवरून दिसलेलं असं की प्लाझ्मा सुरू व्हायला दोन आठवडे किंवा त्याहून जास्त लागले तर परिणाम वाईट होण्याची शक्यता वाढते. तुमच्या मुलाचा नवव्या दिवशी सुरू झाला. त्याचं क्रिएटिनिन आज ०.६ आहे. ताई, आठ वर्षांच्या मुलाच्या निरोगी किडनीचाच तो आकडा आहे. ते चार दिवस आता मनातून काढून टाका.

दिरांना मुद्दाम सांगा, हा आजार आपल्याकडे त्यांच्या तिकडल्यापेक्षा वेगळा वागतो. युरोप-अमेरिकेत एटिपिकल एचयूएसच्या रुग्णांमध्ये ही अँटिबॉडी थोड्यांनाच सापडते. तिकडे जास्त करून जन्मतःच जनुकात बिघाड असलेले रुग्ण असतात. भारतात २०१९ साली देशभरातल्या मुलांच्या नोंदी एकत्र करून प्रसिद्ध झाल्या, त्यात एचयूएसच्या ७८१ रुग्णांपैकी ४३६ जणांमध्ये ही अँटिबॉडी होती, म्हणजे निम्म्याहून अधिक. वयही साधारण शाळकरी, तुमच्या लेकाएवढंच. यामुळे आपल्याकडच्या बालकिडनीतज्ज्ञांना या नेमक्या आजाराचा जेवढा अनुभव आहे, तेवढा परदेशात फार थोड्यांना असेल.

दीर ज्याच्याबद्दल म्हणतात ते इंजेक्शन म्हणजे एक्युलिझुमॅब. औषध चांगलं आहे, त्याला नावं ठेवायचं कारणच नाही. अमेरिकेत एटिपिकल एचयूएससाठी त्याला २०११ मध्ये मान्यता मिळाली. ते आगीची शेवटची पायरी, सी५, अडवतं. पाचट पेटलेलं असलं तरी भोक पाडणारी नळी तयार होऊ देत नाही. ज्यांच्या जनुकातच बिघाड आहे त्यांच्यासाठी तोच मोठा आधार आहे. पण त्याची किंमत आपल्याकडच्या साध्या घराला झेपणारी नाही, आणि फॅक्टर एचचे हात धरून ठेवणारी अँटिबॉडी त्यानं कमी होत नाही. तुमच्या मुलाला जे दिलं गेलं, ते त्या अँटिबॉडीच्या मुळावरच घाव घालणारं होतं.

प्लाझ्मा बदलताना मशीनच्या एका बाजूला लटकणाऱ्या पिशव्या तुम्ही बघितल्या असतील. चोवीस-पंचवीस किलोच्या मुलाला एका वेळी साधारण दीड लिटर प्लाझ्मा लागतो, म्हणजे सात-आठ पिशव्या. एका बाजूनं मुलाचा प्लाझ्मा, त्यातल्या अँटिबॉडीसकट, काढून टाकायचा आणि दुसऱ्या बाजूनं रक्तदात्यांचा भरायचा. त्या दात्यांच्या प्लाझ्मात त्यांचा फॅक्टर एच असतो, हात मोकळे असलेला. बारा वेळा म्हणजे नव्वदच्या आसपास अनोळखी माणसांनी तुमच्या मुलाच्या बांधावर ओली पोती घेऊन उभं राहायला आपापला राखणदार धाडला. हा विचार मला आजही, प्रत्येक वेळी ती पिशवी टांगताना, आत कुठेतरी हलवून जातो. तुम्ही पैशापायी पोरावर अन्याय केलेला नाही. तुम्ही योग्य उपचार केलेत, आणि वेळेत केलेत.

आता तुमचा मूळ प्रश्न, इम्युनिटीचा.

‘वाढवायची’ आणि ‘कमी करायची’ हे दोन्ही शब्द मला पटत नाहीत. ती काही टाकीतल्या पाण्याची पातळी नाही. तुमच्या मुलाच्या शरीरात आग पुरेशी होती, राखण तोकडी पडली होती. प्लाझ्मा बदलून अँटिबॉडी काढली, पण ती तयार करणाऱ्या पेशी शरीरातच आहेत. महिन्याला सलाइनमधून दिलेलं औषध, प्रेडनिसोलोन आणि मायकोफेनोलेट, ही सगळी त्या पेशींना शांत ठेवण्यासाठी आहेत. अँटिबॉडी ९,४०० वरून ६२० वर आली ती त्यामुळेच. मात्र ६२० म्हणजे शून्य नव्हे. आपल्याकडे या तपासणीत साधारण १५० च्या वर आकडा असला की अँटिबॉडी आहे असं धरतात. राखणदाराचे हात बरेचसे सुटलेत, पूर्ण सुटलेले नाहीत. अशा वेळी रोगप्रतिकारक पेशींना चेतवणारं काहीही देणं म्हणजे पाचटावर रॉकेल शिंपडण्यासारखं आहे.

गुळवेलीशी माझं वैर नाही. माझ्या आजीच्या दारात आंब्यावर तिचा वेल चढलेला होता आणि ताप आला की ती आम्हाला काढा द्यायची. पण गुळवेल लोक घेतात तीच मुळी प्रतिकारशक्ती चेतवायला, आणि तुमच्या मुलाला नेमकं तेच नको आहे. दुसरी गोष्ट यकृताची. करोनाच्या काळात गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचा अहवाल मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये मांडला, आणि ती इजा स्वतःच्याच प्रतिकारयंत्रणेनं केल्यासारखी दिसत होती. आयुष मंत्रालयानं त्यावर आक्षेप घेतला. तो वाद मोठ्यांनी मोठ्यांच्या जागी लढावा. ज्याची प्रतिकारयंत्रणा एकदा स्वतःवर उलटलेली आहे, त्या आठ वर्षांच्या पोराला त्या वादात ओढायचं नाही, एवढंच मला कळतं. च्यवनप्राश, ‘इम्युनिटी बूस्टर’ पावडरी, कुणी आणून दिलेले थेंब, या सगळ्यांना हाच नियम लावा. वरण-भात, भाकरी, अंडं, फळं, पुरेशी झोप, हे सगळं भरपूर द्या. मीठ किती, ते डॉक्टरांनी सांगितलं असेल तेवढंच.

जाता जाता एक सांगते. राखणदार प्रथिनांचं हे महत्त्व जंतूंनाही चांगलं उमगलंय. मेंदूज्वराचा मेनिंगोकॉकस आपल्या अंगावर माणसाचाच फॅक्टर एच पांघरून घेतो, म्हणजे आगीला तो आपलाच वाटतो. देवीच्या कुळातल्या विषाणूंनी तर आपल्या राखणदारांसारखं प्रथिन स्वतःच बनवायला घेतलंय, आणि त्याचा कसून अभ्यास पुण्यात, राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रात, डॉ. अरविंद साहू यांच्या प्रयोगशाळेत झाला. याच साहूंनी त्याआधी अमेरिकेत, १९९६ मध्ये, सी३ ला अडवणारा कॉम्पस्टॅटिन नावाचा एक छोटा रेणू सहकाऱ्यांसोबत शोधला होता. त्या रेणूवरून घडवलेल्या औषधाला २०२१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, सीडी५५ आणि सीडी५९ हे राखणदार नसल्यामुळे तांबड्या पेशी फुटतात त्या आजारासाठी. दिरांशी बोलणं झालं तर हेही त्यांना सांगा. मी तरी हे अभिमानानं सांगते.

गोळ्या कधी थांबणार? आपल्याकडच्या तज्ज्ञांच्या शिफारशींनुसार हे औषध साधारण दीड ते दोन वर्षं चालू ठेवतात, कारण आजार परत उलटण्याची भीती याच काळात जास्त असते, आणि औषध चालू असलेल्या मुलांमध्ये तो कमी वेळा उलटतो. सातव्या महिन्यात मूल बरं दिसतं, तेव्हाच घराघरांत गोळ्या बंद होतात, आणि अशी मुलं परत डायलिसिसच्या खाटेवर आलेली मी पाहिलीत. तुमचा खेळता-जेवता लेक त्या गोळ्यांच्या आधारानं खेळतोय. प्रेडनिसोलोन तर अचानक तोडणं त्याहूनही वाईट, कारण शरीरात तसलं द्रव्य बनवणाऱ्या ग्रंथी इतके महिने निजलेल्या असतात, त्या एका रात्रीत जाग्या होत नाहीत. डोस कमी होत जाईल तसा चेहरा आपोआप उतरेल. शाळेत वर्गशिक्षिकेला भेटून, मुलगा समोर नसताना, दोन वाक्यांत सांगा. बाईंनी एकदा वर्गाला समजावलं की ‘बटाटा’ थांबतो.

सासूबाईंच्या ‘माहेरचं आलं’ याबद्दल मात्र मला जरा थांबून बोलायचंय.

तुमच्या रिपोर्टवर सीएफएचआर१ नावाच्या जनुकाचा तुकडा ‘दोन्हीकडून’ नाही असं लिहिलंय. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. दोन्ही प्रतींत तो तुकडा नाही, याचा अर्थ एक रिकामी जागा तुमच्याकडून आली आणि दुसरी तुमच्या यजमानांकडून. म्हणजे सासूबाई किंवा सासऱ्यांपैकी कुणाकडून तरी. एकट्या माहेराकडून हे येऊच शकत नाही. हे भांडायला म्हणून सांगू नका. यजमानांना शांतपणे रिपोर्ट दाखवा आणि त्यांच्या आईला त्यांनाच समजावू द्या.

आणि याला ‘खोट’ही म्हणू नका. ही अँटिबॉडी असलेल्या आपल्याकडच्या बहुतेक मुलांत तो तुकडा नसतो, हे खरं. पण तो नसलेली कितीतरी माणसं ठणठणीत असतात आणि त्यांना आयुष्यभर ते कळतही नाही. याच गैरहजेरीमुळे उतारवयात डोळ्याचा पडदा झिजण्याचा धोका आणि किडनीच्या आणखी एका आजाराचा धोका उलट कमी होतो, असं अभ्यासांत दिसलंय. निसर्गानं एका हातानं घेतलं, दुसऱ्या हातानं दिलं. त्या रिकाम्या जागेवर एखादा ताप किंवा संसर्ग येऊन पडला आणि शरीर ती अँटिबॉडी बनवून बसलं. या दुसऱ्या गोष्टीवर कुणाच्याही कुळाचा शिक्का नाही.

म्हणून मोठ्या मुलीची जनुकीय तपासणी करू नका. ती धडधाकट आहे. तो तुकडा तिच्यातही नाही असं कळलं तरी करण्यासारखं काही नाही, घरात एक भीती मात्र वाढेल. तिला कधी तापानंतर पांढरटपणा आणि गडद लघवी दिसली तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या, एवढं पुरे. मुलाच्या बाबतीत पुढे आजार उलटला, किंवा डॉक्टरांना आणखी काही शंका आली, तर ते त्याच्या बाकीच्या जनुकांची तपासणी सुचवतील, तेव्हा करा.

लसीचं तुम्ही विचारलं नाहीत, पण शाळेत कधी ना कधी लसीकरणाचा कागद येईलच. सध्याच्या औषधांवर असताना त्याला गोवर-रुबेला किंवा कांजिण्यांसारखी जिवंत लस द्यायची नाही. फ्लू, न्यूमोनियाच्या निर्जीव लशी तुमच्या किडनीतज्ज्ञांना विचारून जरूर घ्याव्यात, आणि घरातल्या बाकीच्यांनीही फ्लूची घ्यावी. त्याला ताप आला की ती ठिणगीच असते, मग ती घरात जितकी कमी येईल तितकं बरं. वर्गात कुणाला कांजिण्या झाल्याचं कळलं तर लगेच डॉक्टरांना फोन करा.

आता सासूबाईंसाठी एक काम. त्यांना नातवासाठी काहीतरी करायचंय, आणि काढा नको म्हटलं की त्यांचे हात रिकामे राहतात. त्यांच्या हाती एक वही द्या. रोज सकाळची पहिली लघवी पांढऱ्या झाकणात किंवा वाटीत बघायची आणि रंग लिहायचा: पाण्यासारखी, पिवळी, की कोऱ्या चहासारखी. डोळ्यांखाली सूज आहे का, अंगावर लाल-निळे ठिपके आहेत का, तळहात पांढरे दिसतात का, हे जुनी माणसं आपल्यापेक्षा चांगलं टिपतात. बीपीचं मशीन घरी असेल तर आठवड्यातून दोनदा यजमानांनी मोजून त्याच वहीत लिहायचं. दर भेटीला वही डॉक्टरांपुढे ठेवा. अशी एखादी वही समोर आली की मला निम्मं काम झाल्यासारखं वाटतं.

आणि एक चिठ्ठी फायलीच्या पहिल्या पानावर चिकटवा, एक मोबाइलमध्ये ठेवा. ताप, उलट्या, जुलाब यांच्यासोबत गडद लघवी, सूज किंवा अचानक आलेला फिकटपणा, यांतलं काहीही एक दिसलं तर रात्री दोन वाजले असले तरी निघायचं, आणि पहिला जो डॉक्टर भेटेल त्याच्या हातात ती द्यायची. चिठ्ठीत एवढंच लिहा: ‘या मुलाला फॅक्टर एच अँटिबॉडीमुळे एचयूएस होऊन गेला आहे. कावीळ समजू नये. हिमोग्लोबिन, प्लेटलेट, रक्ताचा स्मिअर, एलडीएच, क्रिएटिनिन आत्ता करा. प्रेडनिसोलोन चालू आहे, बंद करू नये.’ खाली तुमच्या किडनीतज्ज्ञांचा नंबर, आणि आजची तारीख टाकून अँटिबॉडीचा शेवटचा आकडा.